टेम इम्पालासारखे रॉक बँड नवीन अल्बममध्ये गिटार सोडून सिंथकडे (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारा कीबोर्ड) का वळतात?
भाऊ, बहुतेक वेळा गाणं ज्या वाद्यावर सुचतं ते वाद्यच बदललेलं असतं, म्हणून साउंड बदलतो. मी इथे नागपूरच्या धरमपेठेत एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, गिटारवर बोटं सवयीने त्याच त्या कॉर्डवर जातात पण सिंथवर एकच सूर दाबून धरला अन् फिल्टर (आवाज दबका किंवा उजळ करणारं बटण) हळूहळू उघडत नेला तरी अख्खं गाणं उभं राहतं. रेडिओहेडने २००० च्या 'किड ए'त गिटार मागे सारली, टेम इम्पालाने २०१५ च्या 'करंट्स'मध्ये, अन् तिथे तर स्टुडिओत एकटा केव्हिन पार्करच सगळं करतो, कोणाला पटवायचंच नाही! पण दरवेळी सिंथकडेच जातात असं नाही, इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या डाफ्ट पंकने २०१३ मध्ये उलट खरे ड्रमर अन् गिटारवाले बसवले.