सिटर्नची दांडी कापण्याआधी

प्रिय दोस्ता,

सिटर्नचा, म्हणजे गिटारसारख्या त्या तारवाद्याचा, आराखडा मिळाला. खुंट्यांच्या वर कोरायची सेल्टिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडची) गाठ देखणी आहे, पण मेरूपासून (दांडीच्या वरच्या टोकाची आडवी पट्टी) घोडीपर्यंत (तारा जिच्यावर टेकतात ती) तार किती लांब, हे कुठेच सापडलं नाही. आधी ते ठरव.

आणि आराखड्यावरचे ‘प्राचीन सेल्टिक वाद्य’ हे शब्द खोड. जुनी सिटर्न युरोपभर होती, इंग्लंडात न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी टांगलेली असे. पण आयरिश सुरावटींना साथ करणारी दहा तारांची सिटर्न 1970च्या दशकातली. इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलँडचे वाद्यकार स्टेफन सोबेल यांनी ती घडवली, पोर्तुगीज गिटारचा घाट समोर ठेवून. (गोव्यात फाडो या पोर्तुगीज गाण्याच्या साथीला वाजते ती.)

आता लांबी. 56 सेंटिमीटर ठेवलीस तर जिगची (आयरिश नाचाची) धून बोटांना सहज येईल, पण तारा डी-जी-डी-ए-डी या सुरांत लावल्यावर खालच्या डीची तार लुळी पडून थरथरेल. मग ती जाड घ्यावी लागते, आणि जाड तार मंद बोलते. 65 ठेवलीस तर तो डी छान घुमेल, पण रील, म्हणजे नाचाची दुसरी धून, वाजवताना करंगळी रडेल. तुला साथच करायची आहे ना? मग मी 60च्या पुढे जाईन. या संगीतात साथ बरेचदा गंधार सोडून षड्ज-पंचमावर उभी असते, तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ते लगेच पटतं.

पडद्यांचं गणित सोपं आहे. समजा लांबी 62 सेंटिमीटर, म्हणजे 620 मिमी. ती भागिले 17.817 (हा भाजक ठरलेलाच), पहिला पडदा मेरूपासून 34.8वर. पुढचा उरलेल्या लांबीवरून तसाच काढ, पण मोजपट्टी लावताना प्रत्येक अंतर मेरूपासूनच मोज. मागच्या पडद्यापासून मोजत गेलास की केसभर चूक बाराव्यापर्यंत तांदळाएवढी होते. बारावा बरोबर 310वर हवा. घोडी मात्र 620च्या किंचित मागे, कारण तार दाबली की सूर चढतो. ती चिकटवू नकोस, सरकवून जुळव.

तबली, म्हणजे घोडीखालची वरची फळी, स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाचीच घे. दहा पोलादी तारांचा ताण मिळून एका माणसाच्या वजनाइतका सहज होतो. माझी पहिली तबली घोडीखाली दबली होती. आवाज मोकळा व्हावा म्हणून आतल्या पट्ट्या मी तासतच गेलो होतो, थांबायचं कळलं नाही. तू पट्ट्या चिकटवल्यावर तबली दोन बोटांत लोंबती धर, टिचकी मार आणि रेकॉर्ड करून पाठव. तोवर पाठीला सरस लावू नकोस.

तुझा,
काका