वजन उचललं की अंग बाहेर येतं का?

"मॅडम, मला जिम सोडायची नाहीये. पण घरचे म्हणतात, अशीच वजनं उचलत राहिलीस तर पिशवी खाली येईल. खरंच येते का हो?"

पिशवी खाली येणं किंवा अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीत किंवा योनीबाहेर येणं. बाळंतपणं उरकून तिशी-चाळिशीत पहिल्यांदा जिमची पायरी चढलेल्या बायका हा प्रश्न मला वारंवार विचारतात. मी कोल्हापूर भागात स्त्रियांसाठी फिजिओथेरपी आणि समुपदेशन करते. आज यातल्या एकीचीच गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती ४१ वर्षांची, शाळेत शिक्षिका. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. दुसऱ्या वेळी बाळ मोठं होतं, ते बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला होता. तिच्या आईचं खुब्याचं हाड घरातल्या घरात पडून मोडलं, तेव्हापासून आपली हाडं मजबूत ठेवायची हे तिने मनावर घेतलं होतं. जिमला ती नेमाने जायची. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार उचलून उभं राहण्याचा व्यायाम, ४० किलोपर्यंत छान जमत होता. ५० किलो लावले त्या दिवशी बार जमिनीवरून सुटताना लघवीचे थेंब गेले. मग ते दर वेळी व्हायला लागलं.

तिने कोणाला सांगितलं नाही. काळी लेगिंग घालायची, आत पॅड, प्रत्येक सेटच्या आधी बाथरूम, आणि दुपारपासून पाणी बंद. ट्रेनर पंचविशीतला मुलगा, त्याला काय सांगणार? गुडघा दुखतोय म्हणाली. मला थेंब जाण्यापेक्षा हे पाणी तोडणं जास्त खटकलं. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, मूत्राशय चिडतं आणि उलट घाईची लघवी लागायला लागते. तिला जळजळही सुरू झाली होती. म्हणून आधी लघवीची तपासणी करून घेतली आणि पाणी पूर्ववत प्यायला लावलं.

सोबत सासूबाई आल्या होत्या. मी समजावायला सुरुवात करणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "वझं उचलून माझं काय झालं ते मला ठावं हाय डाक्टरीणबाई, म्हणून सांगतोय हिला."

तिसऱ्या बाळंतपणानंतर, बारसं झाल्या झाल्या त्या शेतावर गेल्या होत्या. डोक्यावर वैरणीचा भारा, घरी चुलीचा धूर, त्यातून जडलेला खोकला. काही वर्षांनी अंग बाहेर यायला लागलं. कापडाची घडी लावून त्यांनी दिवस काढले, नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. सून त्यांच्या शेजारी बसून हे पहिल्यांदाच ऐकत होती.

अशा सासूला 'जुन्या विचारांची' म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही. त्यांची भीती अंगावर सोसलेली आहे, आणि तिला आधारही आहे. डेन्मार्कमधल्या रुग्णसेविकांचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. रोज माणसं उचलणाऱ्या या बायकांना अंग बाहेर आल्यामुळे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचं प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त आढळलं. दुसऱ्या बाजूला, २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सुमारे चार हजार बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. व्यायाम म्हणून ५० किलोंहून जास्त वजन उचलणाऱ्या बायकांमध्ये अंग बाहेर येण्याची लक्षणं जास्त नव्हती, हलकी वजनं उचलणाऱ्यांपेक्षा कमीच होती. अर्थात ही नुसती पाहणी आहे. ज्यांना त्रास झाला त्यांनी वजन आधीच कमी केलं असेल, हेही शक्य आहे. म्हणून 'जड उचला, काही होत नाही' असं मी कोणाला सांगत नाही. पण 'उचललं की पिशवी खाली आलीच' हेही खरं नाही, आणि या भीतीपायी बायका व्यायाम सोडतात त्याचं नुकसान मला दिसतं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. आपण जोर करतो तेव्हा पोटात दाब वाढतो आणि तो वरून या झोळीवर येतो. झोळी वेळेत आवळली गेली तर दाब पेलला जातो, नाहीतर थेंब जातात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. चिमटा लावलेल्या बाळंतपणात तिचा स्नायू हाडापासून सुटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून मी हा इतिहास आवर्जून विचारते.

पण दाब फक्त जिममध्ये येतो का? २००६ साली अमेरिकेत काही बायकांच्या पोटातला दाब मोजला गेला. टेबलावरचं सुमारे ९ किलोंचं वजन उचलताना तो खुर्चीतून उठताना येतो त्याहून जास्त नव्हता. जोराचा खोकला तर कितीतरी जास्त दाब देतो. मी तिला विचारलं, "घरात सिलिंडर कोण सरकवतं?"

"मीच."

भरलेला सिलिंडर जवळपास ३० किलोंचा. तो ती श्वास कोंडून, कमरेत वाकून, एका हिसक्यात ओढायची. धाकटा झोपला की त्याला कडेवर घेऊन जिना चढायची. यावर घरात कोणी कधी हरकत घेतली नव्हती. बाई घरासाठी ओझं वाहते तेव्हा कुणाला पिशवी आठवत नाही, ती स्वतःसाठी वजन उचलायला लागली की आठवते. हे मला बोचतं आणि मी ते बोलून दाखवते.

तिची तपासणी केली. आधी काय करणार ते समजावलं, तिची संमती घेतली. 'आवळा' म्हटल्यावर ती आवळण्याऐवजी खाली जोर देत होती. असं अनेक जणींचं होतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नुसतं तोंडी सांगितल्यावर साधारण निम्म्या बायकांनाच हे नीट जमलं, आणि सुमारे एक चतुर्थांश बायका त्रास वाढेल असं करत होत्या. म्हणून मोबाइलवर बघून आवळण्याचे व्यायाम करणाऱ्यांना मी एकदा तरी तपासून घ्या म्हणते. 'लघवी करताना मध्येच थांबवा' हा सल्लाही सर्रास दिला जातो. तो रोजचा व्यायाम करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

तिला मी असं सांगितलं: चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळतो तसं मागून आवळायचं, ते पुढे आणायचं आणि आत वर ओढून घ्यायचं. मांड्या, नितंब, पोट सैल. श्वास चालू. काही सेकंद धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं, सोडणंही तितकंच महत्त्वाचं. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. हे प्रमाण ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही आहे, आणि जोर पडल्यावर लघवी गळण्याच्या त्रासावर तिथे पहिला उपचार हाच सांगितला जातो. शिंक किंवा खोकला येणार असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी आवळायचं. सगळ्यांनाच मात्र हा व्यायाम चालत नाही. काही जणींचे स्नायू आधीच घट्ट आवळलेले असतात, संबंधाच्या वेळी दुखतं, त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं.

जिमचं काय? बंद नाही. ज्या वजनाला थेंब जात नाही तिथवर मागे यायचं, तिच्या बाबतीत ३५ किलो. श्वास घेऊन, आवळून, बार उचलताना श्वास सोडत जायचं. कमरेचा पट्टा तूर्त काढून ठेवायचा, कारण तो पोटातला दाब वाढवतो. अगदी जड वजनाला अनुभवी खेळाडू श्वास धरतात, ते चूक नाही, पण ती पायरी नंतरची. थकवा आला की तळाचे स्नायूही दमतात, म्हणून थेंब जाणारी हालचाल सत्राच्या शेवटी ठेवू नये. या अटींवर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. ट्रेनरला काय सांगायचं, याचा सराव आम्ही इथेच केला. "सर, ५० किलोला मला लघवीवर ताबा राहत नाही, फिजिओने असं करायला सांगितलंय." तो मुलगा समजूतदार निघाला. नंतर त्याने आणखी एकीला माझ्याकडे पाठवलं.

सासूबाईंना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांना योनीत बसवायची रिंग दिली गेली. शस्त्रक्रियेशिवाय आधार देणारं हे साधन कितीतरी जणींना माहीतच नसतं. सोबत खोकल्यावर औषध आणि बद्धकोष्ठावर उपाय, कारण रोज सकाळी कुंथणं हाही झोळीवर पडणारा भारच. त्या आता स्वतःहून सुनेला विचारतात, "आवळून झालं का गं?"

संध्याकाळी खाली जड वाटत असेल, योनीतून काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर वजन वाढवू नका, आधी तपासून घ्या. लघवीतून रक्त गेलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. लघवी अचानक अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत जड वजनाला हात लावू नका, आणि धावणं-उड्या तीन महिन्यांच्या आत नकोत. पिशवी काढली असेल तर कधी सुरू करायचं हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या शिक्षिकाबाई साडेतीन महिन्यांनी ५० किलोवर परत आल्या, पॅड न लावता. दोरीवरच्या उड्यांना अजून थेंब जातात. त्या बंद ठेवल्या आहेत. पुढच्या टप्प्यात जागच्या जागी टाचा उचलण्यापासून सुरुवात करून त्या जमतात का ते बघणार आहोत.