ससा खात नाही, लेंड्याही बारीक

प्रश्न : आमचा ससा काल संध्याकाळपासून कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. गाजरालाही तोंड लावत नाही. लेंड्या मोहरीएवढ्या. मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) देऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको! तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं. त्यानं ससा दगावू शकतो. बारा तास पोटात काही नसेल तर आतड्यांची हालचाल मंदावलीय असं धरा आणि आजच पशुवैद्य गाठा. कुत्र्यासारखा उपाशी ठेवायचा प्राणी नाही हा. कान हाताला गार लागले तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून न्या.

पोटात काही अडकलेलं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच भरवायचं. बिनसुईची सिरिंज, सशाच्या खाद्याच्या भिजवून पातळ केलेल्या गोळ्या; समोरून नव्हे, ओठाच्या कडेनं, थोडं थोडं. पाठीवर उताणा धरू नका.

बरा झाला की गाजर बंदच करा म्हणेन मी. सुकं गवत मात्र चोवीस तास समोर हवं. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. आणि दात तपासून घ्याच. वाढलेल्या दाढा जिभेला टोचत असल्या तरी ससा खाणं सोडतो.