आनमासला राहून जिनिव्हात नोकरी? आधी परमिट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाँसी-पाँ-रूजच्या ऑफिसात आयटीची नोकरी मिळाली आहे, जिनिव्हाची भाडी बघून डोळे पांढरे झालेत, मग सीमेपलीकडे फ्रान्समध्ये आनमासला घर घेऊन रोज लेमाँ एक्सप्रेस या सीमेपलीकडे जाणाऱ्या लोकलने ये-जा करावी का? गाडीच्या बाजूने बघितलं तर बेत झकास आहे. परमिट मात्र आडवं येतं.

रोज सीमा ओलांडून नोकरीला येणाऱ्यांना स्वित्झर्लंड 'जी' परमिट देतं. जिनिव्हात अशी एक लाखाहून जास्त माणसं आहेत, पण त्यातले बहुतेक फ्रेंच किंवा युरोपीय संघातले. आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याला ते हवं असेल तर फ्रान्समध्ये कायम राहण्याचा हक्क आधीच हातात लागतो, शिवाय सीमाभागात किमान सहा महिने वास्तव्य झालेलं असावं लागतं. पुण्याहून थेट येणाऱ्याकडे हे कुठून असणार? तुमची कंपनी तुमच्यासाठी 'बी' परमिट काढेल, आणि ते म्हणजे स्वित्झर्लंडमध्येच राहणं. संयुक्त राष्ट्रं किंवा सर्नसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या लोकांचे नियम वेगळे, त्यातले बरेच जण फ्रान्समध्ये राहतात. 'आमचा अमुक तिकडे राहतो की' असं कुणी सांगितलं तर तो नोकरी कुठे करतो ते आधी विचारा.

तरी या गाडीचा नाद सोडू नका, फक्त घर अलीकडच्या बाजूला शोधा. कोर्नावाँ हे मुख्य स्टेशन. तिथून आनमासकडे निघालं की लाँसी-पाँ-रूज, लाँसी-बाशे, शाम्पेल, ओ-व्हीव्ह, शेन-बूर आणि मग आनमास. बराचसा मार्ग जमिनीखालून आहे. हा जोड द्यायचा करार 1912 सालचा, आणि पूर्ण गाडी धावली 15 डिसेंबर 2019 ला! त्यातही फ्रान्समध्ये पेन्शन सुधारणेविरुद्ध संप चालू असल्यामुळे पहिल्याच दिवशी फ्रेंच बाजूची सेवा अर्धवट. नव्या स्टेशनांची काचेच्या विटांची रचना झाँ नुव्हेल या वास्तुकाराची आहे. शाम्पेलला तर एवढं खोल उतरावं लागतं की पहिल्यांदा माणूस दचकतो. कँटोनचं (म्हणजे इथल्या राज्याचं) मोठं हॉस्पिटल तिथेच वर आहे, ते लक्षात ठेवा.

शेन-बूरला घर मिळालं तर ऑफिस पंधरा मिनिटांच्या आत. कोर्नावाँहून दुसऱ्या दिशेला, जिनिव्हाच्या तळ्याकाठाने व्हेर्स्वा आणि कोपे. कोपे ते आनमास या पट्ट्यात दिवसा साधारण दर पंधरा मिनिटांनी गाडी असते, कारण एल1 ते एल4 या चारही लाइनी तिथे एकावर एक येतात. एल4 आनमासलाच संपते, बाकीच्या तीन पुढे फ्रान्समध्ये फुटतात: एव्हियाँ, आन्सी, साँ-जेर्व्हे. तिकडे बराच भाग एकेरी रुळांचा, म्हणून तिकडची गाडी रखडली की उशीर थेट कोर्नावाँपर्यंत येतो. माझा सल्ला, मीटिंग असेल त्या दिवशी आन्सीहून येणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आनमासलाच सुरू होणारी एल4 बघा. आणि फ्रान्समध्ये संप म्हटला की आदल्या संध्याकाळी ॲपवर वेळापत्रक तपासायचं, ही इथली सवयच आहे.

आनमासला गाडी विजेचा दाबसुद्धा बदलते: स्विस बाजूला 15 हजार व्होल्ट, फ्रेंच बाजूला 25 हजार. मुंबईत लोकलची वीज डीसीवरून एसीवर जाताना दोन्हींवर चालणारे रेक होते ना, तसलाच प्रकार. डोंबिवलीकर असल्यामुळे मला याचं जरा जास्तच कौतुक!

एक सावधगिरी. कोपे हे व्हो कँटोनमध्ये आहे, जिनिव्हात नाही. आपलं परमिट कँटोनशी बांधलेलं असतं, म्हणून तिकडचं घर आवडलं तरी एचआरला विचारल्याशिवाय सही करू नका. व्हेर्स्वा जिनिव्हातच येतं, तिथे ही भानगड नाही.

शनिवारी आनमासला किराणा भरायला जाणं सगळेच करतात. सीमेवर रोजची तपासणी नाही, पण कस्टमवाले मधूनच गाडीत चढतात, तेव्हा परमिट आणि पासपोर्ट खिशात हवेच. 1 जानेवारी 2025 पासून करमुक्त खरेदीची मर्यादा माणशी 300 वरून 150 फ्रँकवर आली आहे. मांसाला वेगळी मर्यादा, माणशी एक किलो. पासाचं म्हणाल तर जिनिव्हातल्या जिनिव्हात फिरायला युनिरेसोचा पास पुरतो, ट्राम-बसही त्यातच. सीमेपलीकडे जाताना लेमाँ पासचं तिकीट लागतं. स्टेशनात फाटकं नाहीत म्हणून कुणी विचारणार नाही असं समजू नका, टीसी असतो आणि दंड जबर आहे.

घर शोधताना खरी अडचण गाडीची नसून कागदांची येईल. घरमालकांच्या एजन्सी तीन पगारपत्रकं आणि तुमच्यावर देणी नाहीत असा सरकारी दाखला मागतात, आणि नव्याने आलेल्याकडे यातलं काहीच नसतं. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. म्हणून नोकरीच्या करारावर सही करतानाच कंपनीकडून हमीपत्र आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी तात्पुरतं घर मागून घ्या. बऱ्याच कंपन्या देतात, पण मागितल्यावर.