ठोसा बसतो, मग पाय का अडतो?

"मॅडम, पॅडवर ही अशी मारते की बघत राहावं. मॅचमध्ये मात्र पुतळा होते." सोळा वर्षांच्या मुलीची आई पहिल्याच भेटीत हे म्हणाली आणि लगेच निदानही जोडून मोकळी झाली, "भित्री आहे." मुलगी खाली मान घालून बोटावरची टेप सोलत होती.

क्योरुगी, म्हणजे तायक्वांदोतली लढत, खेळणाऱ्या मुलांच्या घरून ही तक्रार नेहमी येते. अशा वेळी पहिला प्रश्न मनाचा नसतो: हे डोक्याला मार लागल्यापासून सुरू झालं का? डोकेदुखी, चक्कर, उलटी? तसं असेल तर आधी डॉक्टर. इथे तसं काही नव्हतं.

मग तिच्या मॅचचा मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. उजव्या हाताचा ठोसा समोरच्या मुलीच्या होगूवर (धडावरच्या संरक्षक जाकिटावर) स्वच्छ बसला होता. त्यापाठोपाठ मागचा पाय राउंड किकसाठी उठायला हवा होता. उठला नाही, कारण तिची मान स्कोअरबोर्डकडे वळली होती. यामागे कारण आहे. इलेक्ट्रॉनिक होगूवर किकची नोंद सेन्सर करतो. ठोशाचा 1 गुण मात्र कोपऱ्यातले जज बटण दाबून देतात. (पंचाने पंच पाहिला का, अशी ती भानगड!) दिला की नाही हे बघण्यात अर्धा सेकंद गेला आणि तेवढ्यात समोरचीने डोक्याला किक मारून 3 गुण नेले.

दुसरी अडचण अंतराची. पॅड धरणारा कोच प्रत्येक किकला बरोबर अंतरावर पॅड आणून देतो. मॅचमध्ये ठोसा मारायला जितकं जवळ जावं लागतं, तितक्या जवळून धडावरची राउंड किक सुटतच नाही. समोरची मागे सरकली तरच जागा होते. हिने पाठ केलेलं होतं एक-दोन-तीन, त्यामुळे समोरची अंगावर आली तरी ही गुडघा उचलायची. गुडघा दोघींच्या मध्ये अडकला आणि ती दोनदा पडली. पडणं म्हणजे गाम-जोम, अर्थात दंड: समोरच्याला 1 गुण. त्यानंतर पाय उचलायचाच नाही हे शरीराने परस्पर ठरवून टाकलं. आई ज्याला भित्रेपणा म्हणत होती तो हा.

तिला विचारूनच कोचशी बोलणं झालं. पहिले दोन आठवडे स्कोअर बंद, नुसता ठोसा: डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, कंबर वळवून मूठ सरळ, मारताना श्वास बाहेर, डावा हात गालाशी. नाक पुढच्या गुडघ्यापलीकडे जाता कामा नये. गेलं की कंबर अडते, मागचा पाय जड होतो आणि डोकं समोरच्याला आयतं मिळतं. तिच्या बहुतेक चुका इथेच होत्या.

मग निवड. ठोशानंतर जोडीदार काय करणार हे तिला आधी सांगायचं नाही. मागे सरकली तर मागच्या पायाची राउंड किक. जागेवरच राहिली तर आपण अर्धं पाऊल मागे घेऊन पुढच्या पायाची. अंगावर आली तर किक नाहीच. हात वर ठेवून बाजूला निघायचं, नाहीतर 'काल्यो'ची, म्हणजे पंचाच्या 'वेगळे व्हा' या हुकमाची, वाट बघायची. दहा-दहाचे तीन सेट. मोजायचं ते निवड बरोबर आली का. किक लागली का, ते नाही. यात कोचची खरी कसोटी लागते, कारण "अगं मार की!" तोंडावर येतंच.

त्यानंतर तीस सेकंदांचे राउंड, फक्त धडावर, निम्म्या जोराने. डोक्यावरची किक सगळ्यात शेवटी. दोन राउंडच्या मधल्या एका मिनिटात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, तीन वेळा. मग कोचचं एकच वाक्य. काय चुकलं ते त्या मिनिटात काढायचं नाही. आईला गॅलरीतून ओरडायला बंदी होती. सगळ्यात अवघड गेलं ते तिलाच.

सहाव्या आठवड्यात क्लबमधल्याच मॅचमध्ये गुडघा पुन्हा अडकला, ती पडली, गाम-जोम बसला. ती उठली. पुढच्या ठोशाला समोरची मागे सरकली आणि राउंड किक होगूवर वाजली. राउंड संपल्यावर कोपऱ्यात येऊन पाणी पिताना तिने विचारलं, "त्या ठोशाचा गुण दिला का हो सर?"