घरची बाग रानासारखी वाढू दिली तर चालते का? साप, डास होतात का?

चालते की. फक्त काहीच करायचं नाही असं समजून सोडलीत तर एका पावसाळ्यात गाजर गवत सगळी जागा खाऊन टाकेल. आमचं घर नाशिकच्या म्हसरूळला, मागच्या जागेतलं लॉन काढून टाकलंय आणि आता लावत काहीच नाही, उपटतो मात्र निवडून. गाजर गवत फुलावर यायच्या आत मुळासकट, तेही हातमोजे घालून कारण त्याने अंगाला खाज सुटते, दमा असेल तर अजून त्रास. घाणेरी, सुबाभूळ दिसली की लगेच काढायची. कंपाउंडच्या भेगेत पिंपळ उगवला तर बोटभर असतानाच काढा, नंतर भिंतच फोडावी लागते.

बाकी येईल ते येऊ द्या. जूनचे दोन-चार पाऊस पडले की टाकळा येतो, कोवळा असताना लसूण जास्त घालून भाजी मस्त होते, पण सगळा खुडू नका, ती छोटी पिवळी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. मग केना, कुर्डू, आघाडा, माका. रुई आली तर पानं उलटून बघा, काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली अळी कडेपासून कुरतडत बसलेली असते, रुईतलं विष तिच्या अंगात साठतं म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. चीक डोळ्यात गेला तर मात्र वाईट, घरात लहान पोरं असतील तर रुई आणि धोतरा नकोच.

सापाचं म्हणाल तर तो उंदरामागे येतो. खरकटं टाकू नका, विटा-लाकडांचा ढीग नको, पायवाट मोकळी ठेवा आणि रात्री टॉर्चशिवाय जाऊ नका, आपल्याकडे घोणस हा विषारी साप आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, झाडीत नाही, त्यामुळे कुंड्यांच्या बशा आणि पक्ष्यांचं भांडं आठवड्याला घासून कोरडं करा.

दिवाळीनंतर सगळं वाळून भकास दिसतं, तेव्हा कापायचा मोह होतो, पण मुनिया हे छोटे पक्षी गवताचं बी खायला तेव्हाच येतात. शेजारी बोलणारच. आमच्या शेजारच्या काकू वर्षभर "काय जंगल केलंय" म्हणतात आणि हरतालिकेची पत्री न्यायला आमच्याकडेच येतात 😄 रस्त्याकडचा फूटभर पट्टा तेवढा नीट कापून ठेवा, निम्मी कटकट तिथेच मिटते.