"ऐच्छिक म्हणजे 'आहेर आणू नये'सारखंच ना, मॅडम?"

ऑक्टोबरात नाशिकहून एक वडील मुलाला घेऊन माझ्याकडे प्रवेशाच्या सल्ल्याला आले. मुलगा बारावी सायन्सला, स्टेट बोर्ड. अमेरिकेत इंजिनिअरिंगसाठी अर्ज करायचा होता. सॅटमध्ये, म्हणजे तिकडच्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत, १६०० पैकी १४२०. खुर्चीत टेकायच्या आधीच वडील म्हणाले, "ही कॉलेजं म्हणतात, स्कोअर ऐच्छिक. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात तसंच ना? रिकाम्या हातानं आलेला लक्षात राहतोच."

हा प्रश्न मला दर हंगामात येतो. इतका नेमका कुणी विचारत नाही.

यादीत नऊ कॉलेजं होती. पर्ड्यू विद्यापीठाला स्कोअर द्यावाच लागतो, तिथे वाद नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दोन कॅम्पस होते. तिथे उलट, प्रवेश ठरवताना स्कोअर बघतच नाहीत, पैकीच्या पैकी असला तरी. पोरानं त्यातल्याच सॅन डिएगोसाठी म्हणून अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घासली होती. त्याच्यापुढे मी पाण्याचा ग्लास सरकवला.

उरली सहा. त्यानं एक्सेलमध्ये प्रत्येक कॉलेजात प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या ५० टक्के मुलांच्या स्कोअरची रेंज मांडली होती. खालचा आकडा १४२० च्या वर गेला की रकाना लाल. चार लाल होते. मी म्हटलं, "आता २०१९ चे आकडे शोध." कोविडात स्कोअर ऐच्छिक झाल्यापासून कमी गुणवाले तो पाठवतच नाहीत, म्हणून छापलेली रेंज फुगलेली दिसते. जुन्या आकड्यांत दोन रकाने लालाचे पांढरे झाले.

मग मी १४२० फोडून पाहिले. गणित ७८०, इंग्रजी ६४०. त्याचं ज्युनिअर कॉलेज अमेरिकेत कुणाच्या कानावरही गेलेलं नसणार, आणि अकरावीच्या मार्कशीटवर ६८ टक्के. (अकरावीत आपल्याकडे कोण अभ्यास करतं, हे तिकडे कोण सांगणार?) इंजिनिअरिंगच्या अर्जात त्याच्या बाजूनं बोलणारा तो ७८० च होता. २०२४ मध्ये डार्टमथ या नामांकित अमेरिकन कॉलेजनं स्कोअरची सक्ती परत आणली, तेव्हाही हेच पुढे आलं होतं: शाळेच्या मानानं चांगला स्कोअर असूनही साध्या घरांतली मुलं तो दडवत होती.

"मग सगळीकडे पाठवू!" वडील खूश.

सगळीकडे नाही. जी दोन कॉलेजं लालच राहिली, ती छोटी, सगळा भर वाचन-लेखनावर. मुलाचा निबंध सुरेख होता, आजोबांच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांत साचणाऱ्या क्षारांवर. त्याच्या शेजारी ६४० कशाला ठेवायचा? अनेक कॉलेजांना एकच अर्ज करायच्या कॉमन अ‍ॅप या साइटवर प्रत्येक कॉलेजसाठी हे वेगळं ठरवता येतं. डिसेंबरात पुन्हा परीक्षा द्यायचा विषयही निघाला. समोर बोर्डाची प्रॅक्टिकल्स होती, मी साफ नको म्हटलं.

मार्चअखेर मुलाचा फोन आला. ऐच्छिक असूनही स्कोअर पाठवलेल्या चारांपैकी दोघांनी घेतलं, दोघांनी नाही. न पाठवलेल्या एका छोट्या कॉलेजात वेटलिस्ट. मागून वडिलांचा आवाज: "मॅडमना विचार, आता तरी ६४० पाठवायचा का?"